शरीरातील विजेची गाळणी



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावापुढे हा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे, फार तर कंत्राटी कामगारांच्या कायद्यावर बोलावे. विजेच्या गाळण्यांशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो पुढे येईलच. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातील पुस्तकांवर, नगर वाचनालयात, आणि दुरुस्तीसाठी उघडलेल्या यंत्रांपाशी. तेव्हा विद्वानांची परिभाषा आमच्याकडून अपेक्षू नये. जे आम्हांला समजले ते आपल्याला समजेल अशा भाषेत सांगू.

चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी ई.सी.जी. काढून घेतलेला असतो. छातीला आणि हातापायांना तारा लावतात, चौकटींच्या कागदावर एक वाकडीतिकडी रेघ उमटते, आणि डॉक्टर ती पाहून मान हलवतात. ही रेघ म्हणजे हृदयाने निर्माण केलेली वीज. ती किती? कातडीवर मिळते ती साधारण १ मिलिव्होल्ट. बॅटरीतला साधा सेल दीड व्होल्टाचा असतो. त्याचा हा दीड हजारावा भाग झाला. मेंदूची वीज याहूनही दुबळी. डोक्यावर तारा लावल्या तर १० ते १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे हृदयाच्या विजेचा शंभरावा ते दहावा हिस्सा मिळतो.

हॉलंडमधल्या लायडन येथे विलेम आइन्थोवेन यांनी गेल्या शतकाच्या आरंभी ही हृदयाची वीज पहिल्यांदा नीट कागदावर आणली. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोग्याने दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, आणि ते चालवायला पाच माणसे लागत. आम्ही कामगारांतले असल्यामुळे पाच माणसांचा हा आकडा आमच्या लक्षात आधी राहिला. आज तेच काम मनगटावरच्या घड्याळातील नखाएवढी चिप करते. त्या पाच माणसांची जागा कोणी घेतली, हा खरे तर आजचा विषय.

शरीरातून येणारी वीज शुद्ध नसते. हृदयाबरोबर छातीचे आणि दंडाचे स्नायूही वीज सोडत असतात. श्वास घेतला की सगळी रेघ वरखाली डोलते. कातडी आणि धातूची पट्टी यांच्या संयोगाने एक स्थिर दाब उभा राहतो, तो ३०० मिलिव्होल्टांपर्यंतही जाऊ शकतो. म्हणजे १ मिलिव्होल्टाचे बोलणे ऐकायचे आणि शेजारी तीनशेचा दगड. शिवाय भिंतीतल्या तारांमधली ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकावे घेणारी वीज शरीरात शिरते ती वेगळीच. तेव्हा गाळणे आले. घरात आपण पीठ चाळतो ते कणांच्या आकाराप्रमाणे. विजेची गाळणी हेलकाव्यांच्या वेगाप्रमाणे चाळते. हृदयाची रेघ निदानासाठी घ्यायची तर ०.०५ हर्ट्झपासून १५० हर्ट्झपर्यंतचे हेलकावे राखावे लागतात. म्हणजे वीस सेकंदांत एकदाच येणारा अतिमंद हेलकावा एका टोकाला आणि सेकंदाला दीडशे येणारे दुसऱ्या टोकाला. स्नायूंची वीज साधारण २० ते ५०० हर्ट्झमध्ये. आता आपल्या ध्यानात येईल की २० ते १५० हा पट्टा दोघांचाही आहे. चाळणीवर गव्हाचे कण आणि वाळूचे खडे एकाच आकाराचे पडावेत तशी ही अवस्था.

आणि वाळू तरी कशाला म्हणावे? हृदयाच्या डॉक्टरांना दंडाची थरथर हा गोंगाट वाटतो. पण शेजारच्या खोलीत मज्जातंतूंचे डॉक्टर बसलेले असतात, त्यांना ती थरथरच हवी असते आणि हृदयाचा ठोका नको असतो. काय ठेवावे आणि काय टाकावे हे विजेत लिहिलेले नसते, ते माणूस ठरवतो. म्हणून गाळणी एकाच मापाची असून भागत नाही. ती जुळवता आली पाहिजे.

हे न जुळवल्याने काय होते ते सांगतो. आमचा एक सभासद बॉयलरवर काम करणारा. वार्षिक तपासणीत त्याच्या ई.सी.जी.च्या कागदावर, उंच टोकानंतर जो सपाट भाग येतो तो खाली दबलेला दिसला. या भागाला एस-टी खंड म्हणतात. तो दबला की हृदयाला रक्त कमी पडत असावे अशी शंका घेतात. गृहस्थ कामावरून उतरला. तीन आठवडे बिनपगारी घरी बसला. घरात दोन मुली शिकत होत्या. आम्ही फेरतपासणीचा अर्ज केला, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. पहिल्या कागदाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत गाळणीची खालची मर्यादा ०.५ हर्ट्झ छापलेली होती, दुसऱ्यावर ०.०५. दहा पटींचा फरक. एस-टी खंड हा रेघेतला मंद भाग. श्वासाची डुलकी काढायला खालची मर्यादा वर उचलली, की साधी गाळणी या मंद भागालाही ओढते आणि नसलेला दोष कागदावर उमटू शकतो. दुसऱ्या कागदावर खंड सरळ होता.

यात तारा लावणाऱ्या मुलाला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. दुपारच्या आत साठ माणसे उरकायची, प्रत्येक जण रांगेत उभा राहून दमलेला, रेघ डोलते, वरिष्ठ रागावतात. त्याने जी कळ दाबली की रेघ स्थिर होते ती दाबली. तोही कामगारच. पण आपण एवढे करावे: कागद हाती आला की खालची ओळ वाचावी. २५ मि.मी. प्रतिसेकंद हा कागदाचा वेग, १० मि.मी. प्रतिमिलिव्होल्ट ही उंची, आणि त्याशेजारी गाळणीचे दोन आकडे. वरचा आकडा ४० असेल तर रेघ गुळगुळीत दिसेल, पण टोकांची उंची थोडी कमी भरेल आणि बारीक खाचा पुसल्या जातील.

आता ही जुळवती गाळणी बनते कशी ते पाहू. पाण्याचे एक पिंप घ्या आणि त्याला बारीक तोटीतून पाणी सोडा. नळाचा दाब सावकाश वाढला-घटला तर पिंपातली पातळी त्यामागून चालते. दाब क्षणभर उसळला तर पातळीला पत्ताही लागत नाही. ही झाली मंद तेवढे पुढे सोडणारी गाळणी. पिंप म्हणजे कंडेन्सर आणि तोटी म्हणजे रेझिस्टन्स. १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि १५९ किलोओहमचा रेझिस्टन्स घेतला की १ हर्ट्झची मर्यादा मिळते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणाच्याही डबीत हे दोन्ही सापडतील. पण चिपमध्ये जागा कोठे? तिथे १० पिकोफॅरड मिळाला तरी पुष्कळ झाले, आणि हा त्याचा एक लाखावा भाग. पिंपाच्या जागी संध्येची पळी आली म्हणा ना. पळी त्याच सावकाशीने भरायची तर तोटी लाख पटींनी बारीक हवी, म्हणजे सुमारे १६०० कोटी ओहम. एवढा रेझिस्टन्स चिपवर सरळ रेघ ओढून मावणे शक्य नाही. आणि मावला तरी तो जुळवता येणार नाही, कारण त्याला फिरवायला बोट आत जाणार कसे?

यावर उपाय निघाला तो एका निराळ्या ॲम्प्लिफायरचा. अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीने १९६९ साली सी.ए. ३०८० या नावाने तो बाजारात आणला. त्याचे पूर्ण नाव ऑपरेशनल ट्रान्सकंडक्टन्स ॲम्प्लिफायर, आम्ही ओ.टी.ए. म्हणू. त्याला व्होल्टेज द्यावे आणि त्याने त्या प्रमाणात करंट सोडावा. हे प्रमाण किती, ते तिसऱ्या तारेतून दिलेल्या एका लहानशा करंटने ठरते. म्हणजे तोटी फिरवायला बोट नको, दुसरा करंट पुरे. प्रथम याचा मोठा उपयोग विजेवरच्या वाद्यांत झाला, स्वराचा पोत बदलण्यासाठी. आमच्या संगीतप्रेमी श्रोत्यांना तानपुऱ्याचे उदाहरण पटेल. खुंटीने स्वर जवळ आणायचा आणि मण्याने नेमका लावायचा. इथे खुंटी आणि मणी दोन्ही करंटचेच.

करंट किती लागतो हे ऐकून आम्ही स्वतः कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. आजच्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर जवळजवळ बंद ठेवून, त्यातून झिरपणाऱ्या विजेवर काम चालवतात. १ नॅनोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा शंभर कोटीवा भाग, एवढा करंट दिला तर १० पिकोफॅरडच्या कंडेन्सरबरोबर मर्यादा साधारण २२० हर्ट्झला येते. त्याचा दहावा भाग केला की २२ हर्ट्झ. करंट कमी केला की गाळणी खाली सरकते, वाढवला की वर, आणि सरळ प्रमाणात. अशा दोन-चार तोट्या एकमेकींना फेरजोडणी करून बसवल्या की मधलाच पट्टा सोडणारी किंवा मधली एकच फाक काढून टाकणारी गाळणी होते. ही फाक काढणारी गाळणी घरच्या ५० हर्ट्झसाठी. फाक रुंद काढावी तर हृदयाची वीजही तिच्याबरोबर जाते. अरुंद काढावी तर नेम चुकतो. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवण्याचा नियम आहे, पण खेड्यातले आरोग्य शिबिर डिझेल जनरेटरवर चालते आणि जनरेटर भार कमी झाला की ५० च्या वर पळतो. तिथे मणी फिरवता आला पाहिजे.

कोणी म्हणेल, हल्ली सगळे डिजिटल झाले, आकड्यांतच गाळावे. गाळतातच. पण वीज आकड्यांत येण्यापूर्वी काही ना काही गाळणी लागतेच. सिनेमात मोटारीचे चाक उलटे फिरताना आपण पाहिले आहे. चित्रे तुटक घेतल्यामुळे डोळा फसतो. तसेच सेकंदाला २५० नोंदी घेतल्या तर २३० हर्ट्झची स्नायूची थरथर २० हर्ट्झची होऊन हृदयाच्या पंक्तीला येऊन बसते. एकदा बसली की तिला उठवणे नाही.

आता या व्यवस्थेत सुखच सुख आहे असे समजू नये. १० पिकोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये केवळ उष्णतेमुळे सुमारे २० मायक्रोव्होल्टांची कुजबूज असते. मेंदूची लाट तेवढीच असू शकते. म्हणून आधी वीज वाढवून मग गाळावी, तर हा ओ.टी.ए. काही दशक मिलिव्होल्टांपलीकडे प्रामाणिक राहत नाही, रेघ वाकडी करतो. कुजबूज निम्मी करायची तर कंडेन्सर चौपट घ्यावा लागतो. त्याबरोबर जागा चौपट, करंट चौपट. प्रत्येक सवलत कोठून तरी कापून द्यावी लागते. वाटाघाटींना बसलेल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही.

त्यात एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिप सारख्या नसतात. मर्यादा वीस-तीस टक्क्यांनी इकडेतिकडे होते. शिवाय हवा दहा अंशांनी तापली की ती आणखी तीन टक्के सरकते. शरीराच्या आत बसवलेल्या चिपला मात्र बारा महिने ३७ अंश. यावर तोड अशी की, चिपवरच एक जादा गाळणी बांधायची, क्वार्ट्झच्या घड्याळाशी तिची तुलना करीत राहायचे, आणि ती बरोबर येईल असा जो करंट सापडेल तोच बाकीच्यांना द्यायचा. इंग्रजीत या जोडीला मालक-गुलाम अशा अर्थाचे नाव होते, आणि पुष्कळ पुस्तकांत अजून आहे. अलीकडे बरेच इंजिनिअर ते टाळतात हे चांगले झाले. खरे पाहता ती पहिली गाळणी मालक नव्हे; घड्याळाबरोबर कसून परीक्षा तिचीच चाललेली असते.

या सगळ्याचे सर्वांत सुंदर उदाहरण कानाचे. ज्यांना ऐकू येत नाही अशा काहींच्या कानाच्या शंखात तारा बसवतात, आणि आवाज गाळण्यांनी निरनिराळ्या पट्ट्यांत वाटून तारांतून मज्जातंतूंना देतात. अमेरिकेत एम.आय.टी. येथे राहुल सरपेशकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असा १६ पट्ट्यांचा प्रोसेसर ॲनालॉग पद्धतीने करून दाखवला. तो मायक्रोफोनसकट २११ मायक्रोवॉटवर चालतो, त्या वेळच्या डिजिटल पद्धतीच्या सुमारे पंचविसाव्या भागावर. घरातला ९ वॉटचा दिवा जेवढी वीज खातो तेवढ्यात असे चाळीस हजारांहून अधिक प्रोसेसर चालतील. आणि तो जुळवता येतो.

कारण कानाचे यंत्र कारखान्यातून कधीच लावून येत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी माणसाला खुर्चीवर बसवतात, एकेका तारेत थोडा थोडा करंट सोडतात आणि विचारतात: आता काही ऐकू आले का? आता बरे वाटते का? आता फार झाले का? त्याने हात वर केला की तो आकडा लिहून घेतात. लहान मूल असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवतात. पहिल्या वर्षात त्याला पुन्हा पुन्हा बोलावतात, कारण महिन्यापूर्वी जे बरे वाटत होते ते आज कमी वाटू लागते, आणि त्याला विचारून आकडे पुन्हा बदलावे लागतात.