दुखत नाही म्हणजे तयार आहे का? एसीएलनंतरचे मधले महिने

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. पाठवणारा पुण्याचा, वय २४. फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग करताना पडला, डाव्या गुडघ्यातलं एसीएल तुटलं, एप्रिलच्या मध्यावर ऑपरेशन झालं. आता ऑगस्ट संपत आलाय. तो म्हणतो, "जिने चढतो, गाडी चालवतो, अजिबात दुखत नाही. ग्रुपचं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत गुलमर्ग ठरतंय. तिकिटं काढायचीत. मी हो म्हणू का?" मग जरा थांबून म्हणतो, "खरं सांगू का, ग्रुपवर मागच्या ट्रिपचे व्हिडिओ आले ना, की मी फोन पालथा ठेवतो."

तर मित्रा, तिकिटाचं आधी सांगतो. मी डॉक्टर नाही. तुझा गुडघा तुझ्या सर्जनने आणि फिजिओने पाहिलाय, शेवटचा शब्द त्यांचाच. पण मला विचारशील तर जानेवारीला नाही म्हण. का, ते नीट सांगतो.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारी एक दोरी. ती तुटली की बऱ्याचदा तुझ्याच मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायूबंध काढून तिथे बसवतात. त्याला ग्राफ्ट म्हणतात. आता गंमत बघ. हा ग्राफ्ट बसवल्या दिवशी जितका मजबूत असतो, त्यापेक्षा पुढचे काही महिने तो कमजोर होतो. शरीर त्यात नव्याने रक्तवाहिन्या घालतं, जुनं मोडून नवं बांधतं. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. आणि या सगळ्यात दुखत मात्र काही नाही! सूज उतरलेली, टाके भरलेले, लंगडणं गेलेलं. म्हणजे गुडघा बरा *वाटतो* तो चौथ्या-पाचव्या महिन्यात, आणि तयार होतो बराच नंतर.

किती नंतर? नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा २०१६ मधला एक अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचा धोका साधारण निम्म्याने कमी झालेला दिसला. दर महिन्यामागे, बरं का. एप्रिलच्या मध्यापासून नऊ महिने मोज, जानेवारीचा मध्य येतो. तुमची ट्रिप त्याच्या आधीची.

आणि नुसतं कॅलेंडर पुरत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी, एका पायावर उडी मारून सरळ उतरता यायला हवं. गुडघा सुजला की शरीर त्या स्नायूला जाणारा हुकूमच कमी करतं. तू पाय ताठ करायला सांगतोस आणि मांडी ऐकतच नाही. आळस नाही तो. पण त्या काळात गेलेली ताकद परत यायला महिने लागतात, आणि जिने चढताना ती कमी आहे हे कळतसुद्धा नाही, कारण दुसरा पाय गुपचूप काम करून टाकतो. सिंहगड चढलास म्हणून खूश होऊ नकोस. उतरताना दोन्ही पाय सारखे पडतात का, ते बघ. स्कीइंग म्हणजे सगळं उतरणंच आहे. (आणि सिंहगडसुद्धा फिजिओ हो म्हणाल्यावरच.)

ज्यांचं एसीएल तुटलंय पण ऑपरेशन अजून झालेलं नाही, अशा ऐकणाऱ्यांसाठी जाता जाता. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर एक अभ्यास झाला. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन केलं, अर्ध्यांना आधी व्यायाम दिला. व्यायामवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांतही ऑपरेशन लागलं नाही. प्रत्येकाला हे लागू होईल असं नाही, पण डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?

आता त्या पालथ्या फोनकडे येऊ. मला खरं याच्यावर बोलायचंय.

आपल्याकडे क्रिकेट खेळताना पाय मोडला तर अख्खी सोसायटी विचारपूस करते. स्कीइंग करताना मोडला तर? "बर्फात कशाला तडफडायला गेला होतास?" घरच्यांची काळजी खरी असते, पण त्यांच्या लेखी ही एक महागडी हौस होती, आणि ती सुटली तर बरंच झालं. त्यामुळे तुझं काय गेलंय हे बोलायला माणूसच उरत नाही. वर्षभर पैसे साठवायचे आणि ते दहा दिवस जगायचे, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. आणि ज्यांना कळतं ते त्या व्हिडिओत असतात! म्हणून ग्रुप सोडू नकोस. म्यूट कर. आणि त्यातल्या एकाला फोन करून सरळ सांग, की व्हिडिओ बघवत नाहीत. तो समजून घेईल. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी स्की लिफ्टवर दुसऱ्या कुणाशेजारी बस.

दुसरी गोष्ट भीतीची. ती तू बोलला नाहीस, पण येईल. मिकाएला शिफ्रिनचं उदाहरण घे. ३० नोव्हेंबर २०२४, अमेरिकेत किलिंग्टनला जायंट स्लॅलमची शर्यत. तिच्या नावावर ९९ वर्ल्ड कप विजय, शंभरावा समोर. ती पडली, पोटाला भोसकल्यासारखी जखम झाली, स्नायू फाटले. दोन महिन्यांत ती परत उतरली आणि २३ फेब्रुवारी २०२५ला सेस्त्रिएरेमध्ये शंभरावी शर्यत जिंकली. बातमी इथे संपते. पण तो विजय स्लॅलममधला होता. ज्या प्रकारात ती पडली, त्या जायंट स्लॅलममधून तिने त्याच महिन्यात वर्ल्ड चॅम्पियनशिपला माघार घेतली, आणि त्यात ती गतविजेती होती! अपघाताचा मानसिक आघात, पीटीएसडी, अजून गेलेला नाही, असं तिने उघड सांगितलं. स्नायू भरले होते, पण त्या वेगाला, त्या वळणांना मन तयार नव्हतं.

जगातली सगळ्यात जास्त वर्ल्ड कप शर्यती जिंकलेली स्कीअर हे बोलू शकते, तर तू फिजिओसमोर का नाही? एसीएलनंतर मनाची तयारी मोजायची १२ प्रश्नांची एक प्रश्नावलीच आहे, एसीएल-आरएसआय नावाची. फिजिओला विचार. गुडघा पास आणि मन नापास असेल तर आणखी थांबायचं, त्यात कमीपणा कसला?

एक काम मात्र आत्ता घरबसल्या होईल. पडायचं कसं, ते शिक. तोल मागे जातो, ढुंगण गुडघ्यांच्या खाली जातं, सगळा भार उताराकडच्या स्कीच्या मागच्या टोकाला, आतल्या कडेवर येतो. लांब स्की तरफेसारखी वळते आणि पाय पिळते. पुष्कळ एसीएल असेच तुटतात, अगदी कमी वेगातही. बाइंडिंग सुटलं का नाही म्हणून तू चिडला असशील, पण ते मुळात नडगीचं हाड वाचवायला बनवलेलं असतं. व्हरमाँटच्या संशोधकांनी स्की पेट्रोल आणि इन्स्ट्रक्टर लोकांना ही स्थिती ओळखायला शिकवलं. पडतानाच उठायचा प्रयत्न करायचा नाही, घसरणं थांबेपर्यंत पडून राहायचं, हात पुढे ठेवायचे. त्यांच्यात गुडघ्याच्या गंभीर इजा ६२ टक्क्यांनी कमी झाल्या.

म्हणजे जानेवारीला नाही. "मी नुसता येतो, गोंडोलात बसतो" हेही नको. तिथे भाड्याचे बूट समोर दिसतील आणि कुणीतरी म्हणेल, "अरे एकच रन!" गुलमर्गला बर्फ साधारण मार्चपर्यंत असतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट बघ, रद्द करता येईल असं. तोवर दहा महिने होऊन गेलेले असतील. चाचण्या जमल्या तर जा. आणि ग्रुपमधलं कुणी तारीख पुढे ढकलायला तयार आहे का, ते आज रात्रीच विचार. काय उत्तर येतं ते मला व्हॉइस नोटवर कळव.

चला, भेटू पुढच्या भागात.