भूक एका इलेक्ट्रॉनची

मुंबईतल्या काळाचौकी, लालबाग, परळ या पट्ट्यातल्या गिरण्यांत साच्यावरून उतरलेलं कोरं कापड पिवळसर असे. त्याला पांढरं करायचं ते ब्लीचिंग खात्यानं, आणि त्या खात्याचा जुना आधार म्हणजे क्लोरिन. आज याच वस्तीत नळाला येणारं पाणी क्लोरिननंच निर्जंतुक होतं. कापडाचा पिवळेपणा घालवणारा आणि जंतू मारणारा गुण एकच आहे. फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन या हॅलोजन कुळातल्या अणूंच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात. आठव्यासाठी ते दुसऱ्याच्या घरात हात घालतात. द्रावण कडक झालं किंवा कापड त्यात जास्त वेळ राहिलं, की रंगाबरोबर सूतही कमजोर होई, ते यामुळंच. म्हणून माझं म्हणणं असं, की हॅलोजनला त्याच्या नावावरून भ्यायचं नाही. त्याची भूक किती आणि ती भागली आहे का, हे पाहायचं.

ही भूक सर्वांची सारखी नसते. आवर्तसारणीत फ्लोरिनकडून आयोडिनकडे उतरताना अणू मोठा होत जातो, बाहेरची कक्षा केंद्रकापासून लांब पडते आणि ओढ ढिली होते. पोटॅशियम आयोडाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरिनचं पाणी टाका. ते तपकिरी होतं, कारण क्लोरिन आयोडिनला हुसकावून त्याची जागा घेतो. उलट कधी घडत नाही. यावर जाणकार आक्षेप घेतील, की सुटा अणू इलेक्ट्रॉन स्वीकारतो तेव्हा क्लोरिन फ्लोरिनपेक्षा जास्त ऊर्जा बाहेर टाकतो. मग फ्लोरिन पहिला कसा? मुद्दा खरा आहे, पण मूलद्रव्याच्या रूपात हे अणू जोडीनं राहतात. फ्लोरिनची जोडी फोडायला मोलमागे सुमारे 158 किलोज्यूल पुरतात, क्लोरिनची फोडायला 242 लागतात. शिवाय फ्लोरिनचा छोटा आयन पाण्याशी किंवा धातूच्या आयनाशी घट्ट बांधला जातो. सगळा हिशेब मांडला, की फ्लोरिनच वरचढ ठरतो. त्याला वेगळं काढायला 1886 साल उजाडावं लागलं; ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मोआसाँ यांना जमलं.

दुसरा आक्षेप भीतीचा. 1915 साली पहिल्या महायुद्धात माणसं मारणारा क्लोरिन पाण्यात का घालायचा? उत्तर मात्रेत आहे: पिण्याच्या पाण्यात उरणारा क्लोरिन लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही दशांशांइतकाच अपेक्षित असतो. आणि मिठातला क्लोरिन तर इलेक्ट्रॉन मिळवून तृप्त झालेला आहे, टूथपेस्टमधला फ्लोराइडही तसाच. तरी तृप्त म्हणजे निरुपद्रवी असं नव्हे. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही विहिरींतलं जादा फ्लोराइड दात आणि हाडं बिघडवतं. तिथंही मात्राच निर्णायक. आता घरातली एक गोष्ट. संडास धुण्याच्या ॲसिडमधला क्लोरिन तृप्त असतो, ब्लीचिंग पावडरमधला भुकेलाच असतो. दोन्ही एकत्र आले, की विषारी क्लोरिन वायू मोकळा होतो. ती दोन्ही एकाच वेळी कधीही वापरू नका.