धान्याला वासाची राखण



तासगाव हे परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपतीच्या देवळाचं आणि बेदाण्याच्या सौद्यांचं गाव. बेदाण्याला भाव आहे, म्हणून त्याच्यासाठी शीतगृहं उभी राहिली. घरी खायच्या शाळूला मात्र पत्र्याची कोठी, नाहीतर प्लॅस्टिकचं पिंप. पावसाळा लागला की त्यात सोंडे किडे होतात. मग कुणीतरी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी आणून टाकतो. तिच्या वायूनं घरात झोपलेली माणसं दगावली आहेत. ती गोळी बंद गोदामात, जाणकाराच्या हातीच शोभते. शिवाय धान्यातला तांबडा भुंगेराही आता ठिकठिकाणी तिला दाद देईनासा झालाय. धान्य राखणाऱ्या सुगंधी तेलांची आजची चर्चा म्हणूनच घरच्या कोठीपासून सुरू व्हावी, असं आम्हाला वाटलं.

आपल्या आयाबायांना एरंडेल, वेखंड, कडुनिंब सगळं ठाऊक होतं. पण प्रत्येकाचं काम वेगळं. एरंडेल उडून जात नाही. तुरीला, हुलग्याला चोळलं की दाण्यावर चिकटलेली भुंगेऱ्याची अंडी गुदमरतात. गवती चहातलं सिट्रल, लवंगेतलं युजेनॉल मात्र हवेत पसरून किड्याला लांब ठेवतं, आणि तसंच उडूनही जातं. सोंड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते, वर भोक बुजवते. तिथवर वास नीट पोचत नाही, म्हणून कीड लागल्यावर तेलाचे बोळे ठेवून फारसं साधत नाही. वेखंडाचंही जपून. त्यातल्या बीटा-असारोनची शास्त्रज्ञांना धास्ती आहे. आजी वापरायची एवढ्यावर ते निर्धोक ठरत नाही.

आता आमच्या हळदीचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या तेलातली टर्मेरोन तांबड्या भुंगेऱ्याला पळवतात, हे संशोधन १९८२ सालचं. आणि गंमत बघा, साठवलेल्या हळकुंडांना तंबाखूतला भुंगेरा लागतोच! तेव्हा ‘हळद सगळ्या किडींवर चालते’ असं इथं कुणी छातीठोक सांगू नये. हळद काढताना कापलेला पाला बांधावर कुजतो. त्यातही तेल असतं, पण कंदातल्यापेक्षा निराळं. ते कुठल्या किड्यावर, किती मात्रेनं, किती दिवस चालतं, हे पाहुण्या संशोधकांनी आमच्याच कोठ्यांत तपासावं. कोठ्या द्यायला आम्ही तयार आहोत.

जवळच हरिपूरला हळद साठवायची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, होती. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपे आणि कीड मरे. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ निकामी झाली. पण घट्ट झाकणाचं महत्त्व त्यांनी शिकवलंय. उघड्या पिंपात कुठलंच तेल टिकणार नाही.

दुपारच्या जेवणात शाळूची भाकरी आहे. निलगिरीचा वास लागलेली भाकरी आमच्याकडं कुणी तोंडात घालणार नाही. म्हणून मात्रा ठरवताना भाकरी थापणाऱ्यांचंही ऐका. पहिल्या सत्रात त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवलाय. अध्यक्षांनी कामकाज सुरू करावं, ही विनंती.