उचल घेण्याआधी एक फोन
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेला काय द्यायचं यावर सकाळपासून चर्चा चाललीय. प्रोजेक्टर, वॉटर कूलर, रंगकाम. सगळं द्या. मला मात्र तुमचा मोबाइल नंबर आणि महिन्यातले दोन रविवार हवे आहेत.

आपल्या वर्गातली कातकरी मुलं आठवतात? दिवाळीनंतर ती दिसायची नाहीत. आईबापांनी पावसाळ्यात उचल घेतलेली असायची, ती फेडायला सगळं घर वीटभट्टीवर. पावसाच्या तोंडावर परतायची, तोवर परीक्षा संपलेली.

आज त्यांची मुलं अठरा-वीस वर्षांची आहेत. काही दहावी-बारावी झालीत. उचल अजून आहेच. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर आम्ही काही जण या पोरांच्या सोबतीला असतो. उपदेश करत नाही, कागद गोळा करतो. जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचे आजोबा भट्ट्या बदलत फिरले, तो कुठून आणणार? मग शाळेची जुनी रजिस्टरं चाळायची, नात्यात कुणाला दाखला मिळालाय का ते शोधायचं, प्रांत कार्यालयात जायचं, पेणच्या प्रकल्प कार्यालयात जायचं. खिडकीवरून एकदा परत पाठवलेला मुलगा एकटा पुन्हा जात नाही. सोबत कुणी असलं तर जातो. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, तरी सांगते, हे ॲपने होणार नाही.

आयटीआयला वायरमन करणाऱ्या एकाच्या घरी आजारपण आलं. वडील त्याच्या नावावर उचल घ्यायला निघाले. त्यानं रात्री आमच्यातल्या एकाला फोन केला. आम्ही पैसे नाही दिले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं जमवून सकाळी दवाखान्यात बरोबर गेलो. त्यानं वर्ष पुरं केलं. दुसरा एक मात्र गेलाच भट्टीवर. त्याचा फोन अजून येतो.

न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली काही कृष्णवर्णीय पुरुष एकत्र आले आणि आपल्याच समाजातल्या तरुणांच्या पाठीशी उभे राहिले. ‘हंड्रेड ब्लॅक मेन’ असं त्यांनी नाव घेतलं. त्यांची एक गोष्ट मला पटते, माणूस आपल्यातला हवा. आपला वायरमन आता धाकट्यांना घेऊन येतो, आणि ती माझ्यापेक्षा त्याचं जास्त ऐकतात.

आपल्या मातीतही हे होतंच. माथेरानचे भाई कोतवाल शिकून वकील झाले आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी शाळा काढल्या. आपल्याला २ जानेवारी १९४३ चं सिद्धगडावरचं बलिदान तेवढं पाठ आहे.

जेवणाच्या मंडपाशी वही ठेवलीय. नाव, नंबर आणि कुठल्या कार्यालयाची माहिती आहे ते लिहा. बँक, रेल्वे, महावितरणवाल्यांनी आधी लिहा. पाऊस सुरू झाला की मुकादम वाड्यांवर फिरायला लागतील.