अक्षर, ओळ आणि मोकळी जागा



साहित्य मंडळात आपण कवीविषयी बोलतो, कथेविषयी बोलतो. ज्या पानावर ती छापली जाते त्या पानाविषयी सहसा बोलत नाही. आज तोच विषय घेतला आहे. कुळगीत तो काढायला एक निमित्तही आहे. शेजारच्या दांडेलीतली वेस्ट कोस्ट पेपर मिल १९५५ साली स्थापन झाली आणि तिच्या कागदासाठी कित्येक वर्षे याच जिल्ह्यातल्या रानांतला बांबू गेला. कागद आपल्या परिसरातला; त्यावर अक्षर कसे बसवावे हेही आपण जाणून घ्यायला हवे.

मांडणीचा पहिला प्रश्न असा : वाचणाऱ्याला आधी काय दिसावे? याचा उत्तम नमुना आपल्या भिंतीवरच असतो. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले कालनिर्णय पाहा. तारखेचा मोठा आकडा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. तिथी-नक्षत्रासाठी दोन पावले पुढे जावे लागते. मागचा लेख वाचायचा तर पान उलटून हातात धरावे लागते. तीन अंतरे आणि त्यांना साजेसे तीन आकार. एवढा मजकूर दाटीने भरूनही आपण त्यात हरवत नाही, कारण प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आहे.

दुसरा मुद्दा ठसवण्याचा. आपल्या लिपीत इंग्रजीसारखी मोठी अक्षरे नाहीत. जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांनी त्यावर साधा तोडगा काढला होता. मजकूर काळ्या शाईने आणि ‘उवाच’ किंवा अध्यायाची समाप्ती तांबड्या शाईने. शब्द सलग लिहिलेले, तरी कडेचा समास मोकळा. एकच खूण आणि तीही मोजक्या ठिकाणी. आज संगणकावर आपण ठळक, तिरपे, अधोरेखित आणि रंगीत असे सगळे एकाच ओळीत करतो. सगळेच ओरडू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही.

तिसरा मुद्दा ओळींचा, आणि तो खास देवनागरीचा आहे. ‘कुळगी’ हाच शब्द घ्या. ‘कु’ला खाली उकार, ‘गी’ला वर वेलांटी. म्हणजे आपले अक्षर शिरोरेषेच्या वरही जाते आणि पायाच्या खालीही उतरते. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. म्हणून इंग्रजी मजकुराला पुरते ते अंतर मराठीला पुरत नाही. अक्षर बारा पॉइंटचे असेल तर एका ओळीपासून दुसरी अठराच्या आसपास ठेवावी. शीर्षक ताणण्यासाठी अक्षरे एकमेकांपासून लांब करू नयेत. शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्टही नको. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून येतात, शब्द लांबतात आणि मधे मोठी भगदाडे पडतात. १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी आणि त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी खिळ्यांच्या घडणीवर जी मेहनत घेतली, ती वाचकाच्या डोळ्यांसाठीच होती.

आता आपल्या घरातले उदाहरण : लग्नपत्रिका. पाहुण्याला तीन गोष्टी हव्या असतात. लग्न कोणाचे, कधी, कुठे. पण काका, मामा, आत्या, सगळ्यांची नावे यायलाच हवीत. एक राहिले तर रुसवा वर्षभर टिकतो. नावे गाळू नका. ती एकत्र, लहान अक्षरात, खाली घ्या. मुहूर्त आणि स्थळ यांच्याभोवती मोकळी जागा सोडा. मान सगळ्यांचा राहतो आणि पाहुणा वेळेवर पोचतो.

पत्रिका कन्नड आणि मराठी अशी दोन्ही भाषांत असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. कन्नड अक्षर गोल, सुटे. मराठी शिरोरेषेला टांगलेले. दोन्हींना एकच आकडा दिला तरी ती सारखी दिसतीलच असे नाही. आकार डोळ्यांनी जुळवा आणि दोन्ही मजकूर एकाच ओळीत न मिसळता वेगळे ठेवा. दोन्ही भाषांचा आदर त्यात आहे.

शेवटी आपल्या स्मरणिकेविषयी. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेला कागद, असे खजिनदारांना वाटणे स्वाभाविक आहे. पण आपले वाचक कोण आहेत? एकीकडे चष्मा पुसत वाचणारी आजी; दुसरीकडे शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकणारा, मराठी अक्षरे घरीच ओळखू लागलेला नातू. त्याची नजर सरावलेली नाही, तिची दमलेली आहे. खच्चून भरलेले पान दोघेही बाजूला ठेवतात आणि आपण म्हणतो, मुलांना मराठीची गोडी राहिली नाही. कधी कधी दोष गोडीचा नसतो, पानाचा असतो.

म्हणून संपादकांना एक विनंती. पुढच्या अंकाचे मुद्रित छापखान्यात परत पाठवण्याआधी त्यातले एक पान आजीला आणि नातवाला मोठ्याने वाचायला द्या. जिथे दोघेही अडखळतील तिथे ओळी सैल करा. त्यासाठी एखादा लेख पुढच्या वर्षावर गेला तरी चालेल. वाचला गेलेला एक लेख न वाचलेल्या दोन लेखांपेक्षा मोलाचा आहे.