सांगावे की शोधू द्यावे?



या दिवसांत आपल्या शहरात दोन फळांची रेलचेल असते, द्राक्षांची आणि टरबुजांची. आमचे आजचे व्याख्यान या दोन फळांवरच उभे आहे असे म्हटले तरी चालेल. पत्रिकेवर ‘बालवयातील विज्ञानशिक्षण’ असा भारदस्त विषय छापला गेला आहे आणि पुढच्या रांगेतील काही आजोबामंडळी धीर धरून बसलेली दिसतात. त्यांनी भिण्याचे कारण नाही.

मागे आम्ही येथील एका बालवाडीत घंगाळभर पाणी घेऊन बसलो. भोवती पाच-पाच वर्षांची वीसेक मुले. एक लहानसे टरबूज आणि एक द्राक्ष पुढे ठेवून विचारले, ‘‘पाण्यात सोडले तर बुडेल कोण?’’ सगळी तोंडे एकदम उघडली, ‘‘टरबूज!’’ टरबूज सोडले, ते डुलत तरंगू लागले. द्राक्ष सोडले, ते मुकाट्याने तळाशी जाऊन बसले. क्षणभर शांतता झाली. मग एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, टरबुजाला खाली बसायला जागाच पुरत नाही.’’

येथे आमच्या हातून चूक झाली. मुलीचे म्हणणे तसेच सोडून देऊन आम्ही घनता समजावू लागलो. दोन मिनिटांत निम्मी मुले खिडकीबाहेर पाहू लागली. त्या अनुभवाने खजील होऊन दुसऱ्या खेपेस आम्ही उलट टोक गाठले. घंगाळ पुढे ठेवले, ‘‘तुम्हीच शोधा’’ म्हटले आणि बाजूला झालो. अर्धा तास नुसता पाण्याचा धिंगाणा झाला. एका पठ्ठ्याने टरबूज दोन्ही हातांनी दाबून धरले आणि ‘‘बुडलं, बुडलं!’’ असा डंका पिटला. त्याचे खरे की खोटे, हे ठरवण्याचे साधन कोणाजवळच नव्हते.

सांगितले तर मूल झोपते, न सांगितले तर भरकटते. मग करावे काय? शिक्षकांत या प्रश्नावर दोन तट पडलेले आहेत आणि दोघेही पुराव्यानिशी भांडतात. 2004 साली अमेरिकेत डेव्हिड क्लार व मिलेना निगम यांनी तिसरी-चौथीच्या मुलांवर एक प्रयोग केला. उतरणीवरून चेंडू सोडायचे आणि चेंडू किती दूर जातो ते कशावर अवलंबून आहे, ते ठरवायचे. उतार, पृष्ठभाग, चेंडू यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी ही युक्ती काहींना स्पष्ट सांगितली, काहींना आपली आपण शोधू दिली. सांगितलेल्यांपैकी शेकडा 77 मुलांना ती नीट साधली. न सांगितलेल्यांत शेकडा 23 मुलांना. सांगण्याच्या पक्षाला यापेक्षा अधिक काय हवे?

पण 2011 साली एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ प्रभृतींनी बालवाडीच्या वयाच्या मुलांपुढे एक खेळणे ठेवले. त्याच्या पोटात अनेक गमती दडलेल्या होत्या. काही मुलांना एकच गंमत मुद्दाम शिकवली : ही नळी ओढली की ‘चूं’ असा आवाज होतो. ती मुले ‘चूं’ करीत बसली. ज्यांना कोणी काही शिकवले नव्हते, त्यांनी इतर गमतीही हुडकल्या. ताईंनी एवढेच दाखवले त्याअर्थी एवढेच असणार, असा हिशेब मुलाने केला. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. मोठ्यांवर त्याचा विश्वास असतो, एवढेच.

आमच्या मते दोन्ही प्रयोग खरे आहेत आणि दोहोंत विरोधही नाही. पहिल्यात शिकवली ती रीत. दुसऱ्यात शिकवले ते उत्तर. रीत सांगावी, उत्तर राखून ठेवावे. नावेही सांगावीतच. ‘तरंगणे’ हा शब्द कोणतेही मूल पाण्यात पाहून शोधून काढणार नाही. मुलांच्या स्वातंत्र्याचा एवढा कैवार घेणाऱ्या मॉंटेसरीबाईंच्या पद्धतीतही नाव शिकवण्याचा पाठ मोजक्या शब्दांत, सरळ सांगूनच दिला जातो. आणि ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे ते कोसबाडला गेले, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख, खडे आणले. पण खडे आणले म्हणून ताईचे काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही.

आपल्या पाणचक्कीचेच पाहा. लांबच्या डोंगराकडून जमिनीखालच्या नळांनी आलेले पाणी उंच भिंतीवर चढते आणि तेथून कोसळते. ‘‘पाणी वर कसं चढलं?’’ हे प्रत्येक मूल विचारते. मोठी माणसे पाट्या वाचीत पुढे जातात. आता ते नळ जमिनीखाली आहेत, झरा दूर उंचावर आहे, हे मुलाला कळणार कसे? ते सांगावेच लागते. परंतु हातभर पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके वरखाली करावीत, दोन्हीकडे पाणी एका पातळीवर येऊ पाहते, हे मात्र मुलाने स्वतः पाहावे. ही नळी स्वस्त मिळते. अंगणवाडीतील ताईला मोठी साधने मिळत नाहीत आणि एकटीने सारे वर्ग सांभाळावे लागतात, हे आम्ही विसरलेलो नाही. किंबहुना तिच्यासाठीच हा खटाटोप आहे. ‘‘सगळे मुलांना शोधू द्या’’ असा उपदेश तिला सभागृहातून करणे फार सोपे असते.

तिसऱ्या खेपेस आम्ही बालवाडीत गेलो तेव्हा आधी तीनच गोष्टी सांगितल्या : प्रथम अंदाज बोलायचा, वस्तू हलकेच सोडायची, सोडल्यावर हात लावायचा नाही. एवढे स्पष्ट, दोनदा करून दाखवून. त्यानंतर त्या मुलीला विचारले, ‘‘जागा पुरत नाही म्हणालीस ना? मग कुठे सोडायचं?’’ तिने अंगणातला हौद दाखवला. सगळी वरात हौदाकडे निघाली. हौदातही टरबूज तरंगलेच. वाटीभर पाण्यात द्राक्ष बुडाले, हौदातही बुडाले. जागेचा प्रश्न मिटला. मुलगी बराच वेळ हौदाच्या कडेला हनुवटी टेकून उभी होती. मग वळून म्हणाली, ‘‘सर, साल काढून बघू या का?’’

आम्ही सुरी आणायला गेलो.