मूठभर ज्वारी आणि एक बंद दार

आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या चर्चच्या बायका. कुणी शेतमजूर, कुणी शिवणकाम करणारी. पैशाने कुणीच मोठी नाही. आज आमच्या मुठीची गोष्ट सांगायला आलोय.

मिझोराममधल्या चर्चच्या बाया १९१० पासून एक रीत पाळतात. स्वयंपाकाला तांदूळ घेतला की त्यातला मूठभर बाजूला काढायचा आणि चर्चच्या कामाला द्यायचा. पाळकसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही म्हटलं, आपल्याकडे ज्वारी-बाजरी आहे की! प्रत्येकीने घरात एक गाडगं ठेवलं. दळण काढताना मूठभर त्यात टाकायची आणि रविवारी भक्तीला येताना घेऊन यायची.

हे धान्य द्यायचं कुणाला? आशाताई म्हणाल्या, टीबीच्या रुग्णांना द्या. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण सहा महिने त्या घ्यायच्या तर पोटात अन्न हवं. रुग्णांना आहाराची मदत करणाऱ्यांसाठी २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ योजना आहे. कुणीही माणूस किंवा गट त्यात नाव देऊ शकतो.

पण पहिल्याच घरी आमचं चुकलं. आम्ही पाच-सहा जणी पिशवी घेऊन भरदुपारी गल्लीतून गेलो. शेजारणीने विचारलं आणि आमच्यातली एक बोलून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. त्या ताईंच्या मुलीच्या लग्नाची बोलणी थांबली. पुढच्या खेपेला दार उघडलंच नाही. लोक बघतील म्हणून त्यांनी गोळ्या आणायला जाणंही सोडलं. तेव्हा आम्ही घाबरलो. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो आणि साध्या औषधाला दाद देत नाही.

मग आमच्यातली एकच जण आशाताईंबरोबर माफी मागायला गेली. ताई म्हणाल्या, “धान्य नको. माझं नाव परत द्या.”

ते कुठून देणार? एवढंच केलं, की त्यांच्या घरी बसून त्यांच्याच कपात चहा घेतला आणि शेजारणीलाही बोलावलं. टीबी कपबशीतून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो तेव्हा तो हवेतून पसरतो, हे आशाताईंनी तिला समजावलं. दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध पुन्हा सुरू झालं आणि पूर्णही झालं. आमच्यातल्या त्या एकीशी मात्र त्या अजून बोलत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

तेव्हापासून आमचे तीन नेम आहेत. आधी रुग्णाला विचारायचं, मगच जायचं. एकीनेच जायचं, तेही गाजावाजा न करता. आणि प्रार्थना त्यांनी मागितली तरच करायची, धान्याच्या बदल्यात नाही.

मैत्रिणींनो, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, यातलं काही असेल तर बेडका तपासून घ्या. तपासणी फुकट आहे. उपचार सुरू असताना आहारासाठी महिन्याला १००० रुपये बँकेच्या खात्यात येतात. आशाताईंना विचारा.

तुमच्या बचत गटातही असं एक गाडगं ठेवता येईल. मूठ कुणाचीही असो, धान्य सगळ्यांचं सारखंच. फक्त देताना दुसऱ्याची अब्रू सांडू देऊ नका.